डावीकडं ओढते

धारूरचा घाट चढताना दुसऱ्या गिअरलाच
गाडी धापा टाकायला लागली, तेव्हा वाटलं, वय झालं.
सत्त्याऐंशीची फियाट. मागच्या सीटवर
चष्म्यांच्या तीन पेट्या, अक्षरांचा तक्ता,
तेलगावच्या बाजारात न खपलेल्या काळ्या काचा.
मग वास आला.
शिंग जळाल्यावर येतो तसा.

ब्रेक मारला की डावीकडं ओढायची, हे जुनंच.
केजला लायनर बदलले.
परळीत मास्टर सिलिंडर नवा घातला.
माजलगावात एकानं चक्कर मारून सांगितलं,
रस्ताच डावीकडं कललाय.
तेवढ्याचे त्यानं पन्नास रुपये घेतले.

गयासभाईंनी आधी काहीच खोललं नाही.
बोनेटकडं बघितलंसुद्धा नाही.
तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन
चारी चाकांच्या ड्रमवर शिंपडलं
आणि कान दिला.
तीन गप्प.
पुढचं डावं: चर्र.

"बसा डागदर. ब्रेक लागायलेत बरोबर.
सुटंनात."

जॅक लावला. चाक हातानं फिरवून बघितलं,
भरल्या रहाटासारखं जड.
लोखंडी नळी जिथं रबराला मिळते
त्या वरच्या सांध्याला अकराचा पाना घातला.
तेल पाझरलं. चाक तसंच.
मग खाली चाकापाशी, निप्पल एक आटा सैल,
आणि चिळकांडी उडाली थेट त्यांच्या दाढीपर्यंत.
चाक एका बोटानं फिरलं.

"वर सोडलं तर सुटंना, खाली सोडलं की सुटलं.
मग चोर कोण?
मधला."

वीतभर होज. बाहेरून धडधाकट,
कुठं चीर नाही, ओल नाही.
"पायाच्या जोरानं तेल आत घेतंय,
माघारी देईना. आमच्या साडूवानी."
ब्लेडनं उभा चिरून हातात दिला.
रबर आतून सुजलेलं, भोक उरलेलं
सुईच्या नेढ्याएवढं.
मी खिशातलं भिंग काढून बघितलं
आणि मलाच हसू आलं.

नवा होज धारूरात नव्हता.
अंबादास एसटीनं अंबाजोगाईला गेला,
तीनला परत आला, होज आणि
दोन किलो सीताफळं घेऊन.
सीताफळं कुणासाठी, ते सांगेना.
माझा बाजार बुडाला.

मग मला सीटवर बसवलं.
निप्पलला सलाइनची नळी, नळीखाली तणनाशकाची बाटली.
"मारा. मारा. मारा. धरा."
पाय रुतत गेला.
"सोडू नका आं!"
बुडबुडे.
"मारा. मारा. धरा."
तेल आधी काढ्यासारखं, मग चहासारखं,
मग मधाच्या रंगाचं, पण बुडबुडे होतेच.
अंबादास मोजत होता. एकोणीसनंतर विसरला.
कधीतरी पेडल पायाखाली
फरशीसारखं कडक झालं
आणि चाकाखालून आवाज आला, "हौ."

निप्पल आवळताना ते मान मागं घेत होते,
हात लांब, डोळे बारीक.
तक्ता न लावता नंबर कळला:
दोन. फार तर सव्वादोन.
पेटीतून काढून दिला.
"नको. आमचं काम बोटाला दिसतं."
मी आग्रह केला नाही, त्यांनी परतही केला नाही.
बारा-तेराच्या पान्याशेजारी
चष्मा तसाच पडून राहिला, काड्या उघड्या.
पैसे मात्र पूर्ण घेतले.

उतरताना पहिल्याच वळणाआधी
स्टिअरिंग मुद्दाम सैल धरलं
आणि ब्रेक मारला.
नाकासमोर थांबली.
मागचा टेम्पो शिव्या घालत निघून गेला.
खाली उतरलो. बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं,
डाव्या ड्रमवर शिंपडलं, कान दिला.
काही नाही.
पुन्हा शिंपडलं.
खालच्या वळणावर कुठल्यातरी ट्रकनं
हवेचा ब्रेक सोडला, फुस्स,
आणि मी दचकून
आपल्याच चाकाकडं बघितलं.